नाकातून ट्यूमर काढायचा रस्ता हार्वे कुशिंग यांनी गाजवला, आणि सोडूनही दिला

चेहरा गोल सुजलेला, पोट सुटलेलं पण हातपाय काडीसारखे, पोटावर जांभळे पट्टे आणि बीपी चढलेलं. या दुर्मीळ आजाराला आज 'कुशिंग डिसीज' म्हणतात. नाव पडलं ते अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांच्यावरून.

जन्म १८६९ चा, क्लीव्हलँडमधला. वडील, आजोबा, पणजोबा सगळे डॉक्टर. पोरगाही त्याच वाटेनं गेला, पण शिरला थेट कवटीत.

कवटीच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वर डोळ्यांच्या नसा, दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. इथे गाठ झाली की हार्मोन बिघडतात, कधी नजरही जाते. तिथपर्यंत पोहोचायचं कसं?

ऑस्ट्रियात १९०७ साली श्लोफर यांनी नाक बाहेरून उघडून हे करून दाखवलं होतं. कुशिंग यांनी वरच्या ओठाच्या आत चीर देऊन नाकामागून जायची पद्धत रूळवली. चेहऱ्यावर व्रण नाही. १९१० ते १९२५ मध्ये अशी २३१ ऑपरेशन्स झाली, मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के. तेव्हा एमआरआय नव्हता, अँटिबायोटिक्स नव्हती, हे लक्षात घेतलं की आकडा थक्क करतो.

आणि मग त्यांनी हा रस्ता सोडला. जागा खोल, अरुंद, अंधारी. वरून कवटी उघडली तर गाठ आणि नसा नीट दिसायच्या. स्वभावाने कडक असलेल्या या माणसाचा शब्द मोठा, त्यामुळे बहुतेक सर्जननीही नाकाची वाट सोडली.

१९३२ मध्ये त्यांनी त्या गोल चेहऱ्याच्या आजाराचं मूळ पिट्युटरीतल्या बारीकशा गाठीत आहे, असं मांडलं. कित्येकांना पटलं नाही. १९३९ मध्ये कुशिंग गेले.

त्यांच्याकडे शिकलेले एडिनबराचे नॉर्मन डॉट मात्र नाकातूनच ऑपरेशन करत राहिले. डॉट यांच्याकडून ते पॅरिसचे गियो शिकले, गियोंकडून माँट्रियलचे ज्यूल्स हार्डी. हार्डींनी साठच्या दशकात सोबत मायक्रोस्कोप घेतला. अंधाराचा प्रश्न मिटला, ग्रंथी शाबूत ठेवून बारीक गाठ तेवढी काढता येऊ लागली आणि पेशंट बरे झाले. कुशिंग यांचं म्हणणं खरं ठरलं.

आज कुशिंग डिसीजवर पहिला उपाय म्हणजे नाकातून केलेलं ऑपरेशन.