श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर आणि दिंड्यांचा मेळ

आषाढीच्या वाटेवर माउलींच्या सोहळ्यातील कोणाही वारकऱ्यास थांबवून विचारावे, तो आपण रथापुढचे की रथामागचे आणि कितव्या दिंडीचे, हे आधी सांगतो, गाव मागाहून. एवढा तो क्रमांक जिव्हाळ्याचा. पण हा मेळ मुळात जुळवला कोणी, असे विचारले तर पुष्कळांस नाव ठाऊक असते आणि चरित्र ठाऊक नसते. म्हणून या महिन्यात हैबतबाबांविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले.

हैबतबाबा सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे. घराणे पवारांचे. तरुणपणी ते ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. चाकरी करून पैसाअडका घेऊन गावी परत येत असता सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांस गाठले आणि सोबत्यांसह कोंडून ठेविले. परंपरा अशी सांगते की, त्या कोंडवाड्यात बाबांनी हरिपाठाचा घोष धरला, तो सोडला नाही. २१ व्या दिवशी टोळीच्या नायकास मुलगा झाला, तो या साधूच्या पायगुणाने झाला असे त्याने मानले आणि सर्वांस सोडून दिले. ही कथा कीर्तनात आपण ऐकलेलीच आहे, ती वाढवून सांगत नाही. आम्हांस तीत एकच गोष्ट मोलाची वाटते. सुटल्यावर बाबा संसारात रमले नाहीत. ते आळंदीस येऊन माउलींच्या समाधीपाशी राहिले आणि उरलेले आयुष्य तिथेच भजनात घातले.

आता त्या काळी वारीची स्थिती काय होती, ते पाहू. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीस येऊन माउलींच्या पादुका बरोबर घेत, आणि दोघांची मिळून एकच पालखी पंढरीस जाई. पुढे मानाच्या आणि हक्काच्या कारणांवरून देहूकर मंडळींत वाद माजला. देवाच्या दारी हक्काचे भांडण निघावे हे काही भूषण नव्हे, पण झाले खरे. त्या वादातून १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा आळंदीहून स्वतंत्र काढला. दोन पालख्या दोन वाटांनी जाऊ लागल्या, तरी वाखरीच्या तळावर त्या पुन्हा जवळ येतात, एवढे समाधान आहे.

सोहळा काढायचा म्हणजे हवे काय? पालखी हवी, घोडा हवा, तंबू हवा, नैवेद्य हवा, आणि सगळ्यांत आधी माणसे हवीत. बाबांजवळ यांतले फारसे काही नव्हते. बेळगाव भागातील अंकलीचे शितोळे सरकार पुढे आले. त्यांनी घोडे आणि तंबू दिले, नैवेद्याची सेवा पत्करली. आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच चालत येतात. भजनाच्या बाजूने वासकर, खंडोजीबाबा, सुभानजी शेळके अशा मंडळींनी बाबांना हात दिला.

वाचक माउली, इथे जरा थांबून विचार करा. फड म्हणजे काही रिकामटेकड्यांचा घोळका नव्हे. त्याला स्वतःचा गुरू, स्वतःची परंपरा, स्वतःची शिष्यशाखा. अशा स्वाभिमानी मंडळीने दुसऱ्याने काढलेल्या पालखीबरोबर, दुसऱ्याने ठरविलेल्या जागी का चालावे? आपापल्या गावाहून सरळ पंढरीस जायला कोणाची ना होती? त्यांस एकत्र आणायचे तर दोनच वाटा दिसतात. एक, सर्वांचे वेगळेपण मोडून एकच मोठी दिंडी करावी. दुसरी, ज्याने त्याने मन मानेल तसे चालावे. पहिलीत माणसे टिकत नाहीत, दुसरीत सोहळा टिकत नाही.

बाबांच्या घडीत तिसरीच वाट निघाली. दिंडी सोहळ्यात येते ती दिंडी म्हणूनच येते. तिचा वीणा तिचाच राहतो. वीणेकऱ्याचा अधिकार तिच्या आत चालतो. मृदंगी, टाळकरी, पताकावाले, तुळस घेतलेल्या आयाबाया, सगळे तिचे. तिचा स्वयंपाक, तिचा तंबू, तिचा खर्च तिनेच पाहायचा. सोहळ्याला ती देते ते एवढेच : आपली जागा आणि आपली वेळ. नेमून दिलेल्या ठिकाणीच चालायचे, पुढे घुसायचे नाही. कर्णा वाजला की उठायचे, निघायचे. तिसऱ्या कर्ण्यानंतर कोणासाठी खोळंबा नाही. देणे दिसायला थोडे, पण आपली जागा दुसऱ्याने ठरवावी हे मान्य करणे किती जड जाते, हे ज्याने एखादी संस्था चालविली आहे त्यालाच विचारा!

यावर कोणी म्हणतो, बाबा सरदार होते, त्यांनी फौजेची शिस्त वारीत आणली, झाले. कर्णा, चोपदार, तळ, कूच, हे शब्दच लष्करी आहेत, हे कबूल. पण एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. त्यासाठी तळावरची समाजआरती पाहावी.

मुक्कामाच्या जागी पालखी येते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच धरून हाक देतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. सारा तळ शांत. पण एखाद्या दिंडीवर अन्याय झालेला असला, कोणी तिच्या जागेत घुसले असले, कोणी अपशब्द बोलले असले, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. सगळे गप्प आणि ती एकटी वाजवीतच राहते. मग चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणे विचारतो, ते मालकांपर्यंत नेतो. निवाडा होतो. तिचे समाधान झाले की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या किती वाजता निघायचे ते सांगतात, आणि मगच आरती. तोवर माउलींची आरतीसुद्धा थांबते, बरं का!

फौजेत शिपायाने असा गलबला केला असता तर त्याची काय गत झाली असती? इथे मात्र लहानातल्या लहान दिंडीला सगळा सोहळा थोपवून धरता येतो. ही रीत फौजेतून आलेली नाही. जागा आणि वेळ सोडून देणाऱ्या दिंडीच्या हाती तिच्या बदल्यात काय राहिले, ते यात दिसते. नुसता हुकूम असता तर फड दोन वर्षांतच आपापल्या वाटेने गेले असते असे आम्हांस वाटते.

सगळेच गोड होते असे मात्र लिहिणार नाही. सोहळ्याच्या जुन्या मांडणीत अस्पृश्य मानलेल्यांच्या दिंड्या वेगळ्या, अश्वांच्याही पुढे चालत. इरावती कर्वे या वारीत चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या बसत, हे त्यांनी दुःखाने लिहून ठेविले आहे. चोखोबांना आपले म्हणणाऱ्या पंथात हे चालले, आणि त्याविषयी समाजआरतीत कोणाचा टाळ वाजत राहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असो. बाबांच्या मागे त्यांच्या घराण्याकडे सोहळ्याचे मालकपण आले. प्रस्थानाच्या दिवशी, ज्येष्ठ वद्य अष्टमीस, पादुका त्यांच्या स्वाधीन होतात. आज रथापुढे २७ दिंड्या आहेत, आणि रथामागच्या वाढतच गेल्या. २०२० आणि २०२१ या दोन साली महामारीमुळे पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. सोबत मोजकी मंडळी होती. दिंड्या गावोगावी आपापल्या देवळांत राहिल्या. वीणा होता, टाळ होते. उभे राहायला नेमलेली जागा तेवढी नव्हती. २०२२ साली पुन्हा पायी सोहळा निघाला, तेव्हा जो तो आपल्या जुन्याच क्रमांकावर येऊन उभा राहिला.

हैबतबाबांचे स्थान आळंदीस महाद्वारातील पायरीशी आहे. माउलींच्या दर्शनास जाणारा प्रत्येक जण तिथूनच आत जातो. कार्तिकी यात्रेचा प्रारंभ दर वर्षी त्या पायरीच्या पूजेने होतो.