बाबासाहेब आणि गरिबाचा रुपया

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाडचे चवदार तळे, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी, हे आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या जीवनाची तेवढीच बाजू मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९१७ साली परतल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळेना. तेव्हा मुंबईत त्यांनी शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. गिऱ्हाईक येऊ लागलं. सल्ला देणाऱ्याची जात कळली तसं येईनासं झालं! पेढी बंद पडली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पैसा साठवून पुन्हा लंडन गाठले.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. विषय जड, पण मुद्दा आपल्या चुलीशी भिडणारा. तेव्हा रुपये किती काढायचे हे सरकारच्या हातात होते. रुपये फाजील झाले की भाव चढतात. व्यापारी निभावून नेतो, पण हातावर पोट असलेल्याचं काय? मजुरी तीच आणि ज्वारी महाग. म्हणून चलन काढणाऱ्याचे हात कायद्याने बांधा, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी हीच बाजू मांडली. कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ही बँक बाबासाहेबांच्या पुस्तकातूनच निघाली, असे भाषणांत ऐकू येते. आम्हाला ते सैल बोलणे वाटते. त्यांची साक्ष होती चलनाविषयी, आणि ती तेवढ्यानेही मोठीच आहे.

मसुदा समितीचे ते अध्यक्ष. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत बँक, विमा आणि शेअरबाजार केंद्राकडे आहेत, सावकारी राज्यांकडे. म्हणूनच बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, शेअर दलालाची सेबीकडे, विमा कंपनीची विमा नियामकाकडे जाते. आणि सावकाराचा परवाना महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याखाली सहकार खात्यातून मिळतो. मागे आपल्याच आळीत दामदुप्पट योजनेत किती मायमाऊल्यांचे पैसे बुडाले! पावती सगळ्यांकडे होती. परवाना कोणाचा, हे विचारायला कोणी शिकवलंच नव्हतं.

विम्याबाबत तर बाबासाहेब आणखी पुढे गेले होते. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी विमा सरकारनेच चालवावा आणि प्रत्येक प्रौढाला कमाईच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा करावा, असे मांडले. खाजगी कंपन्यांत विमेदारांच्या पैशाचे गैरव्यवहार होत होते. अखेर २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्यानंतर दीड महिन्याने, १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. सक्तीच्या विम्याची त्यांची सूचना मात्र कागदावरच राहिली.