रॉबर्ट स्टीफन्सन आणि धांवता भार

नागभीड हें रेल्वेचें जुनें जंक्शन. नागपुराहून येथें येणारी अरुंद मापाची गाडी २०१९ सालीं मार्गाच्या रुंदीकरणासाठीं बंद झाली. मार्ग रुंद करावयाचा म्हणजे पूलहि जड गाड्या पेलतील असे हवेत. धांवता भार पुलावर काय परिणाम करितो, हा प्रश्न ज्याच्या आयुष्यांत अत्यंत कठोर रूपानें उभा राहिला, त्या रॉबर्ट स्टीफन्सनचें चरित्र म्हणूनच मननीय आहे.

रॉबर्टचा जन्म १६ ऑक्टोबर १८०३ रोजीं इंग्लंडांत झाला. त्याचा पिता जॉर्ज अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. यामुळेंच मुलाच्या शिक्षणांत त्यानें कसूर केली नाहीं. १८२९ सालचें सुप्रसिद्ध ‘रॉकेट’ इंजिन रॉबर्टच्या देखरेखीखालीं तयार झालें.

पुढें चेस्टर येथें डी नदीवर त्यानें ओतीव लोखंडाच्या तुळयांचा पूल बांधिला. २४ मे १८४७ रोजीं गाडी जात असतां एक तुळई भंगली व पांच जण मृत्यु पावले. गाडी घसरून तुळईवर आदळली, असें रॉबर्टचें म्हणणें. पंचांस तें पटलें नाहीं. सरकारनें चौकशीमंडळ नेमिलें. त्यांतील प्राध्यापक विलिस यानें लोखंडी पट्ट्यांवरून वजनदार गाडा निरनिराळ्या वेगांनीं सोडून पाहिला. तेव्हां स्थिर भारापेक्षां धांवत्या भारानें पट्टी अधिक वांकते, असें आढळलें. १८४९ सालीं गणितज्ञ स्टोक्स यानें त्याची उपपत्ति मांडिली.

या आघातानें रॉबर्ट खचला नाहीं. मेनाय सामुद्रधुनीवरील पुलासाठीं फेअरबेर्न व हॉजकिन्सन यांच्या साह्यानें प्रतिकृतींवर कसून प्रयोग चालले होते. अखेर घडीव लोखंडाच्या पोकळ, चौकोनी नळ्यांतून गाडी नेणारा ब्रिटानिया पूल १८५० सालीं खुला झाला आणि १९७० च्या आगीपर्यंत तो टिकला. त्याच वर्षीं रॉबर्टचा शिष्य जेम्स बर्कले मुंबईस आला. त्याच्याच हातून बोरीबंदर–ठाणें मार्ग सिद्ध होऊन १६ एप्रिल १८५३ रोजीं गाडी धांवली.

१२ ऑक्टोबर १८५९ रोजीं रॉबर्टचें देहावसान झालें. पुढें १८६७ सालीं विंक्लर यानें, चाक कोठें असतां पुलाच्या कोणत्या भागावर किती जोर येतो, हें रेषेनें दाखविण्याची रीत काढिली. साध्या तुळईस मध्यभागीं वांकविणारा जोर चाक मध्यावर असतां सर्वाधिक. टेंकूपाशीं कातरणारा जोर मात्र चाक टेंकूजवळ असतां सर्वाधिक. म्हणून कागदावर गाडी थोडथोडी पुढें सरकवून प्रत्येक भागास सर्वांत घातक अशी स्थिति शोधावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, कीर्ति पुलास तारीत नाहीं. पुनःपुन्हां घेतलेली कसोटीच त्यास तारिते.