अनवाणी अजिंक्यवीर अबेबे बिकिला

रोम ऑलिंपिकमध्ये १० सप्टेंबर १९६० रोजी मॅरेथॉनच्या प्रारंभरेषेवर उभ्या असलेल्या इथिओपियाच्या एका अपरिचित धावपटूच्या पायांत बूट नव्हते. २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांनी, अंधार पडल्यावर, कॉन्स्टंटाईनच्या कमानीजवळ तोच पहिला पोहोचला. ती त्या काळातील जागतिक सर्वोत्तम वेळ होती.

अबेबे बिकिला यांचा जन्म १९३२ सालचा. ते सम्राट हैले सेलासी यांच्या रक्षकदलात सैनिक होते. स्वीडनचे ओन्नी निस्कानेन हे त्यांचे प्रशिक्षक. गरिबीमुळे बिकिला अनवाणी धावले, ही समजूत आजही आढळते. ती खरी नव्हे. रोममध्ये मिळालेले नवे बूट पायांना नीट बसेनात. अनवाणी सरावाची सवय होतीच, त्यामुळे बूट बाजूला ठेवण्यात आले. बोचणाऱ्या बुटांनिशी ४२ किलोमीटर धावणे हेच खरे धाडस ठरले असते.

अनवाणी धावण्याची सवय असलेले धावपटू सहसा पावलाचा पुढील किंवा मधला भाग आधी टेकवतात. उशीदार बुटांमुळे टाच आधी टेकविण्याकडे कल होतो आणि तिचा हादरा पायातून वर चढतो. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक मोजून २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. अर्थात अनवाणी धावल्याने भार नाहीसा होत नाही. तो पोटरीवर आणि टाचेमागील कंडरेवर अधिक पडतो. बुटांची सवय असलेल्याने एकाएकी ते काढून धावू लागणे म्हणूनच धोक्याचे असते. बिकिला यांचे पाय सरावाने तयार झालेले होते.

टोकियोत १९६४ साली त्यांनी बूट व पांढरे मोजे घातले होते. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम काही आठवडे झाले होते. तरीही २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांची नवी सर्वोत्तम वेळ नोंदवून ते चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकले. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारे ते पहिलेच धावपटू. बुटांसह केलेली ही धाव अधिक वेगवान होती, हे अनवाणीपणाचे गोडवे गाणारे बहुधा विसरतात.

मेक्सिकोत १९६८ साली पायाच्या दुखापतीमुळे त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. सुवर्णपदक त्यांचेच देशबांधव मामो वोल्डे यांनी पटकावले. १९६९ मधील मोटार अपघाताने बिकिला यांचे पाय कायमचे निकामी झाले. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे उपचार घेत असतानाच ते धनुर्विद्येकडे वळले आणि चाकांच्या खुर्चीतून स्पर्धेत उतरले. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, आदिस अबाबा येथे त्यांचे निधन झाले.