दूरच्या मशीनला कमांड देणारे जॉर्ज स्टिबिट्झ

आपण जेनकिन्सचं बटण दाबतो, तो एसएसएचने दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन शेल स्क्रिप्ट चालवतो आणि निकाल आपल्यासमोर आणून ठेवतो. आपण इथे, काम तिथे! ही करामत 1940 सालीच करून दाखवली जॉर्ज स्टिबिट्झ यांनी.

त्यांचा जन्म 30 एप्रिल 1904 चा, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचा. कॉर्नेलची पीएच.डी. घेऊन ते न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जमध्ये गणितज्ञ म्हणून लागले. नोव्हेंबर 1937 मध्ये त्यांनी टाकाऊ रिले घरी नेले. टॉर्चचे बल्ब, सेल, तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या, एवढ्या सामानावर किचनच्या टेबलावर बायनरी बेरीज करणारं सर्किट उभं राहिलं. पत्नीने नाव ठेवलं 'मॉडेल के', म्हणजे किचनचा के. (आमची आई असलं काही ओट्यावर ठेवू देणार नाही, हे सोडा.) साहेबांना आधी त्यात काही राम वाटला नाही. पण टेलिफोनच्या फिल्टरसाठी कॉम्प्लेक्स नंबरची गणितं करून माणसं पार थकत होती. मग परवानगी मिळाली. सॅम्युअल विल्यम्स यांच्यासोबत केलेला, चारशेवर रिलेंचा कॅल्क्युलेटर जानेवारी 1940 मध्ये कामाला लागला. मशीन एका खोलीत, आणि वापरणारे बिल्डिंगमधल्या तीन टेलिटाइपवर! एका वेळी नंबर मात्र एकाचाच लागायचा.

खरी परीक्षा 11 सप्टेंबर 1940 ला झाली. गणितज्ञांची सभा हॅनोव्हरच्या डार्टमथ कॉलेजात होती. ते धूड तिथे नेणार कसं? त्यांनी फक्त टेलिटाइप नेला आणि तारेवरून न्यूयॉर्कची मशीन चालवली. अंतर म्हणाल तर आपल्या नरडाण्याहून मुंबई जवळपास तेवढीच. लाइन मध्येच गेली असती तर नॉर्बर्ट वीनर, जॉन मॉकली अशा दिग्गजांसमोर फजिती ठरलेली. पण मिनिटाच्या आत उत्तर छापून आलं.

माझी फजिती मात्र झालीच. दिवाळीत नरडाण्याला घरी बसून मी लॅबच्या सर्व्हरवर जॉब सोडला. हिरवा गोळा दिसला, मी खुशाल फराळाला बसले. स्क्रिप्टमधलं कॉपीचं काम फेल झालं होतं, पण शेवटची ओळ 'इको डन' होती. एसएसएचने तिचाच शून्य कोड परत आणला! सुट्टीनंतर डेमोला जुनंच व्हर्जन उघडलं. आता स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' असतं.

स्टिबिट्झ यांची ती मशीन 1949 पर्यंत राबली. 1964 मध्ये ते डार्टमथलाच आले आणि मेडिकल स्कूलमध्ये कॉम्प्युटरच्या मदतीने शरीरशास्त्राचं संशोधन करू लागले. 31 जानेवारी 1995 रोजी हॅनोव्हरमध्येच ते वारले.