डब्ल्यूबीएम म्हणजे काय? रस्त्यात दडलेल्या मॅकॅडम यांची गोष्ट

उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद हायवे (एनएच ६५) मॅप्सवर आपल्याला नुसती एक रेघ दिसतो. पण गावाकडच्या रस्त्याच्या कामाचा फलक कधी नीट वाचलाय? त्यावर बऱ्याचदा 'डब्ल्यूबीएम' लिहिलेलं असतं. मला वाटायचं, हे सरकारी काहीतरी असेल. खरं तर त्याचा अर्थ 'वॉटर बाउंड मॅकॅडम', आणि मॅकॅडम हे चक्क एका माणसाचं आडनाव!

कोण होते हे मॅकॅडम?

जॉन लाउडन मॅकॅडम यांचा जन्म १७५६ साली स्कॉटलंडमधल्या एअर गावी झाला. वडील गेल्यावर पोरवयातच ते न्यूयॉर्कला काकांकडे गेले. तिथे व्यापारात पैसा कमावला, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांच्या बाजूने होते. युद्ध हरल्यावर बरंच काही गमावून १७८३ मध्ये परतले.

तेव्हा ब्रिटनमध्ये टोल घेऊन रस्ते सांभाळणारी मंडळं होती. टोल भरूनही घोडागाड्या चिखलात रुतायच्या. मॅकॅडम यांनी पदरचे पैसे घालून हजारो मैल रस्ते पाहिले. १८१६ मध्ये, साठीला आल्यावर, ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम त्यांच्या हाती आलं.

त्यांची युक्ती

वजन पेलते ती खालची माती, आणि ती कोरडी राहिली तरच पेलते, हे त्यांचं सूत्र. म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा थोडा उंच, मध्ये किंचित फुगीर आणि कडेला गटारं. खाली मोठे धोंडे नाहीत, फक्त फोडलेली खडी. एकही दगड सहा औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नको. साधारण तुमच्या फोनएवढं वजन! चाकांच्या दाबाने खडीचे कोपरे एकमेकांत घट्ट बसायचे.

संसदेने त्यांना पैसे दिले. 'सर' हा किताब मात्र त्यांनी म्हातारपणामुळे नाकारला, तो मुलाने घेतला. १८३६ मध्ये ते वारले.

नावाची गंमत

मॅकॅडम खडीत माती-पाणी काही मिसळू द्यायचे नाहीत. दगडाची भुकटी टाकून, पाणी मारून, रोलर फिरवायची पद्धत नंतर आली. तीच डब्ल्यूबीएम. त्यांनी डांबराचा कारखानाही चालवला होता, पण रस्त्यावर डांबर कधी टाकलं नाही! ते काम एडगर हूली यांनी केलं आणि १९०२ मध्ये पेटंट घेतलं. टार अधिक मॅकॅडम, झालं 'टारमॅक'.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यामुळे खड्डा दिसला की मी आता डांबराआधी कडेचं गटार बघतो. ते बुजलेलं असेल, तर वरून कितीही डांबर ओता, पुढच्या पावसाळ्यात खड्डा परत हजर!