ऋणमोचनाचे व्रत : श्री संत गाडगे महाराज

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत श्री संत गाडगे महाराजांचे स्थान आगळे आहे. त्यांनी गादी स्थापिली नाही, कोणास मंत्रदीक्षा दिली नाही आणि कोणास शिष्य म्हणविले नाही. तीर्थक्षेत्री येणाऱ्या गोरगरिबांची सेवा हीच त्यांनी ईश्वरसेवा मानली. घेतलेला उपकार कष्टाने फेडावा आणि केलेला उपकार मुखाने उच्चारू नये, हे व्रत त्यांनी आयुष्यभर सांभाळले.

महाराजांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी मद्याच्या व्यसनामुळे अकाली निवर्तले. मातोश्री सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. मामा चंद्रभानजी यांच्या आश्रयाने डेबू वाढला. पण आश्रित म्हणून तो कधी बसून राहिला नाही. गुरे राखणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे अशी सर्व कामे त्याने आपण होऊन अंगावर घेतली. पुढे मामांची शेती सावकाराच्या कर्जात गेली. कागदावर मांडलेले ऋण एखादे घर कसे उद्ध्वस्त करते, हे डेबूजींनी तरुण वयातच पाहिले.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि फुटक्या मडक्याचे गाडगे, असा त्यांचा वेष होता. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावी गेले की ते प्रथम रस्ते झाडीत, कोणाची लाकडे फोडून देत आणि मगच भाकरी मागत. मजुरी म्हणून कोणी पैसे देऊ केल्यास ते घेत नसत. आभाराचे शब्द कानी पडण्यापूर्वीच पुढच्या गावची वाट धरीत. त्यामुळे भाकरी देणाऱ्यास दातेपणाचा अभिमान वाटण्यास जागा उरत नसे आणि घेणाऱ्याची मानही खाली जात नसे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. स्नानासाठी येणारे यात्रेकरू, विशेषतः वृद्ध व स्त्रिया, काठावरील चिखलात घसरून पडत. महाराजांनी तेथे स्वतः राबून वाट केली आणि पुढे लोकाश्रयाने घाट बांधविला. ऋणातून मुक्त करणारे तीर्थ म्हणून ज्याची ख्याती, त्याच ठिकाणी त्यांच्या लोकसेवेचा आरंभ व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

त्यानंतर पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इत्यादी क्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. दानशूर मंडळींनी महाराजांच्या शब्दावर लक्षावधी रुपये दिले. हा विश्वास कशामुळे लाभला? त्या पैशातील एक पैही त्यांनी स्वतःकडे ठेविली नाही. संस्थांच्या संपत्तीवर आपल्या कुटुंबीयांचा हक्क त्यांनी मानला नाही. पत्नी कुंताबाई यांनी अत्यंत साधेपणाने दिवस काढले. महाराजांच्या दातृत्वात या माउलीचा वाटा मोठा आहे. तो कोठे बोलून दाखविला गेला नाही, इतकेच.

पंढरपूरची श्री संत चोखामेळा धर्मशाळा महाराजांनी खास अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधविली. वारीस येऊनही ज्यांना कोणी ओसरी देत नसे, त्यांना तेथे हक्काचे छप्पर मिळाले. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी महाराजांना नितांत आदर होता. पुढे हीच धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. अपार कष्टाने उभी केलेली वास्तू देऊन टाकताना त्यांनी तीवर आपला अधिकार ठेविला नाही. मुंबईतील जे. जे. रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधविली. आजाऱ्यासोबत आलेल्या माणसाची रात्र कोठे जाते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली होती.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडू लागत, तेव्हा महाराज तेथून निघून जात. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीनजीक वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांनी देह ठेविला. त्यांची समाधी अमरावती येथे आहे.

तीर्थयात्रेत आपण कोणाच्या तरी छपराखाली निजतो आणि कोणी तरी शिजविलेले अन्न सेवन करतो. त्यांची नावे बहुधा आपणास ठाऊक नसतात. निघताना आपली जागा झाडून, पुढील यात्रेकरूसाठी स्वच्छ ठेवणे, ही त्या अनाम उपकाराची यथार्थ फेड होय. दान देणाऱ्या भाविकांनीही महाराजांचे स्मरण ठेवून हात सढळ ठेवावा आणि दिलेले विसरावे. अशा दानानेच माणसामाणसांतील नाते टिकते आणि देवालाही तेच दान रुचते.